सातबाऱ्यावरचे नाव, मतदारयादीतले नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'जो कर भरतो त्यालाच मताचा अधिकार असावा', 'ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला गावच्या कारभारातले काय कळणार' असा सूर वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून उमटतो. लिहिणाऱ्यांना ही कल्पना नवी आणि धाडसी वाटत असावी. प्रत्यक्षात आपल्याच जिल्ह्यांत ती १९२० ते १९४६ या काळात कायद्याने राबवून झाली आहे. तिचे नियम, आकडे आणि घोळ सगळे कागदावर आहेत. सहकारी संस्थांच्या निवडणुकांत तर ती आजही निम्मीशिम्मी चालूच आहे, फक्त तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही. म्हणून हे लांबलेले पत्र.

सुरुवात घरच्या कागदापासून करता येईल. आपला ८-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढा. प्रत्येक गटापुढे क्षेत्रानंतर आकारणीचा रकाना असतो आणि त्यात रुपये-पैशांत एक किरकोळ आकडा असतो. बऱ्याच गावांत हा आकडा इंग्रजी अमदानीतल्या जमाबंदीतूनच, म्हणजे जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याच्या मोजणीतूनच, चालत आला आहे. आज त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. १९१९ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्याच्या कौन्सिलसाठी, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळासाठी, ग्रामीण मतदार कोण, हे मात्र मुख्यतः याच आकड्यावर ठरत होते. स्वतःच्या हक्काने किंवा कूळ म्हणून धरलेल्या जमिनीचा सारा, म्हणजे हाच आकार, किमान ३२ रुपये हवा. रत्नागिरी आणि पंचमहाल जिल्ह्यांत (आणि सिंधच्या सरहद्दीवरच्या एका जिल्ह्यात) १६ रुपये पुरत. दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीसाठी अट याहून कडक होती. तिथे ७५ रुपये लागत, तर रत्नागिरी-पंचमहालात साडेसदतीस. प्राप्तिकर भरणारा आणि फौजेतून निवृत्त झालेला शिपाई यांना जमिनीची अट नव्हती. बाकी खेड्यातला माणूस साऱ्यावर तोलला जाई.

३२ रुपये सारा म्हणजे किती जमीन? एकरी बारा आणे आकार धरून हिशेब करू. ३२ रुपयांना साधारण ४२ एकर २७ गुंठे लागतात आणि असेंब्लीच्या ७५ रुपयांना बरोबर शंभर एकर. हाच आकार एकरी चार रुपये असेल, म्हणजे जमीन विहिरीच्या किंवा पाटाच्या पाण्याखाली असेल, तर आठ एकरांत काम भागते. थोडक्यात, मत जमिनीच्या विस्ताराला नव्हतेच, ते जमाबंदी अधिकाऱ्याने लावलेल्या प्रतीला होते. काळ्या कसदार रानाचा धनी दहा-बारा एकरांवर मतदार होई आणि माळरानावर तीस एकर कसणारा बाहेर राही. दुष्काळाचा फटका ज्याला जास्त, त्याचाच आवाज कमी, अशी ही रचना होती. यातली एक गंमतही सांगायला हवी. फेरजमाबंदीत सारा वाढला की रयतेच्या डोक्यावर बोजा चढे आणि त्याच फटक्यात काही नवे मतदार तयार होत. सारावाढीचा असाही एक 'फायदा' असू शकतो, हे त्या काळच्या साहेबालाही सुचले नसेल.

दुसरा घोळ वाटणीचा. बापाच्या नावे ५४ रुपये साऱ्याची जमीन आहे, म्हणजे घरात एक मत. तो वारला आणि तिघा भावांनी वाटण्या केल्या तर प्रत्येकाकडे १८ रुपये आले, आणि मत एकालाही नाही. वाटणी न करता एकत्र राहिले तर नियमांत स्पष्ट तरतूद होती: कुटुंब हे एकक धरायचे आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या वतीने मत द्यायचे ते त्याच्या व्यवस्थापकाने, म्हणजे कर्त्याने. घरात चार पुरुष राबत असले तरी मतदार एक. ही तरतूद लक्षात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

बायकांचे काय? मुंबई कौन्सिलने १९२१ मध्ये ठराव करून स्त्रियांवरची बंदी उठवली, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती खरी आहे. पण बंदी उठली तरी साऱ्याची अट तशीच राहिली. स्वतःच्या नावे ३२ रुपये साऱ्याची जमीन असलेली बाई त्या काळी कुठे सापडणार? बहुधा मुलगा नसलेल्या विधवेच्या घरी. १९३५ च्या कायद्याने सारा ८ रुपयांवर आणला (वरच्याच हिशेबाने पावणेअकरा एकर), मॅट्रिक झालेल्याला मत दिले आणि स्त्रियांसाठी एक वेगळी वाट काढली. नवऱ्याकडे जुन्या, म्हणजे ३२ किंवा १६ रुपयांच्या अटीइतकी जमीन असेल तर त्याच्या बायकोलाही मत. बाई मतदार झाली खरी, पण नवऱ्याच्या साऱ्यावर. ही युक्ती आयात केलेली होती. ब्रिटनमध्ये १९१८ साली पुरुषांसाठी मालमत्तेची अट उठली तेव्हा स्त्रियांना मत मिळाले ते तिशी ओलांडलेल्यांना, आणि तेही स्वतःची किंवा नवऱ्याची मालमत्ता असेल तरच. तारखा शेजारी ठेवून पाहा. १४३० पासून 'वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असेल तर मत' असे म्हणणाऱ्या देशाने आपल्या पुरुषांची ती अट १९१८ मध्ये कायमची सोडली आणि पुढच्याच वर्षी इथल्या रयतेवर लादली.

अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी ही अट म्हणजे बंद दार होते. महार वतनाची जमीन होती, पण ती सगळ्या भावकीची मिळून. तिचे हिस्से पाडले की माणशी काही गुंठे येत. १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. आंबेडकरांनी मताधिकाराची पात्रता खाली आणावी असा आग्रह धरला तो यामुळे. १९३५ च्या कायद्यात मुंबई प्रांतापुरती एक चमत्कारिक तरतूद आली: अनुसूचित जातीचा माणूस साक्षर असेल, किंवा गावकामगार म्हणून कनिष्ठ गावकी बजावत असेल, तर तो मतदार. आंबेडकर १९२८ पासून ज्या वतनाविरुद्ध कौन्सिलात विधेयक घेऊन उभे होते, त्याच वतनाच्या चाकरीवर मत मिळू लागले. मत हवे तर वेठबिगार चालू ठेवा, असाच त्याचा अर्थ. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, तोवर मताचा प्रश्न संविधानाने सोडवलेला होता.

कोकणचे प्रकरण वेगळे आणि जास्त बोलके आहे. रत्नागिरीला १६ रुपयांची सवलत का दिली असावी, हे त्या जिल्ह्यातल्या कोणालाही विचारा. खाचरे लहान, वरकस जमीन डोंगरउताराची, सारा कमी. शिवाय गाव खोताचा. सरकारात सारा भरणारा खोत, आणि कसणारा त्याला अर्धेल किंवा ठरलेला मक्ता घालणारा. कुळालाही मत देता येईल असे नियम म्हणत होते, पण कूळ असल्याचे सिद्ध कशाने करणार? पावती खोताच्या हातात. अलिबाग तालुक्यात खोतांविरुद्ध चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून वर्षानुवर्षे चालला, नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. १९३७ मध्ये ८ रुपयांच्या यादीवर निवडणूक झाली, आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे लोक प्रांताच्या विधानसभेत बसले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्या मोर्चातल्या किती जणांचे नाव मतदारयादीत असेल? मताची पात्रता जरा खाली आली तर सभागृहात जमिनीचा प्रश्न येतो. ती नसती आली तर तो मोर्चा निवेदन देऊन परतला असता.

आणखी एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. १९४६ च्या प्रांतिक निवडणुका याच १९३५ च्या मर्यादित यादीवर झाल्या आणि त्यांत निवडून आलेल्या आमदारांनी त्याच वर्षी संविधान सभेचे सदस्य निवडले. म्हणजे कलम ३२६ लिहून प्रत्येक प्रौढाला मत देणारी सभा स्वतः सारा, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींतून आलेली होती. त्या सभेने आपल्या मतदारांचा विशेषाधिकार मोडला, हे तिचे मोठेपण. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत सुमारे १७ कोटी ३० लाख नावे आली. त्यातही सुमारे २८ लाख बायकांची नावे वगळावी लागली, कारण 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' याच्यापुढे त्यांनी नाव सांगितले नाही. नवऱ्याच्या नावाने ओळख सांगायची सवय कायदा बदलला म्हणून एका वर्षात जात नाही.

इंग्रजांनी ही कल्पना आणली म्हणून आधी सगळे गोडीगुलाबीने चालले होते, असेही नाही. पेशवाईत गावात दोन प्रकारचे शेतकरी होते. मिरासदार किंवा थळकरी याचे थळ वंशपरंपरेचे, मिरासपत्र त्याच्याकडे, जमीन विकता येई, कर्जापायी परागंदा झाला तरी परत येऊन मिरासीवर हक्क सांगता येई. उपरी मात्र कौलाने, ठरावाच्या मुदतीने कसणारा. गोतसभेत, म्हणजे गावच्या निवाड्याच्या सभेत, शिवेचा तंटा, वतनाचा वाद, गतकुळीची (मालक न उरलेली) जमीन कोणाला द्यायची हा निर्णय, यात बसायचे ते मिरासदाराने. मजहराखाली, म्हणजे सभेच्या निवाडापत्राखाली, पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. उपऱ्याची तिथे निशाणीच नाही. उपरी दोन पिढ्या गावात राबला तरी उपराच. आज मराठीत 'उपरा' हा शब्द आपण ज्या चवीने वापरतो ती तिथलीच. दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात मिरासदारांची दखल घेतली, पण पुढे रयतवारी मोजणीने, विशेषतः इंदापुरापासून सुरू झालेल्या नव्या जमाबंदीने, मिरासदार आणि उपरी दोघांना एकाच 'खातेदार' या रकान्यात बसवले. ती समता कागदावरची ठरली. जमीन विकण्याजोगी झाली तशी गहाणवटीत सावकाराकडे गेली, १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या जळल्या, आणि १९२० च्या यादीत सावकार खातेदार म्हणून बसला.

गोव्यातली गांवकरी तर आजही जिवंत आहे. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या सनदेत गांवकारांचे जे रिवाज नोंदले गेले, त्यांचा गाभा असा: गावची जमीन सामाईक, आणि तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मूळ गांवकार घराण्यांतल्या पुरुषांचा. कोमुनिदादींचा, म्हणजे या गांवकरी संस्थांचा, कायदा १९६१ चा, म्हणजे मुक्तीच्या काही महिने आधीचा पोर्तुगीज. 'जोण' म्हणजे वाट्याचा हक्क बापाकडून मुलाला जातो. तिकडे विधानसभेला गावातल्या प्रत्येकाला मत, पण गावच्या जमिनीचे काय करायचे हे ठरवताना मोजकी आडनावे. यात ज्याला काही वावगे दिसत नाही, त्याने घाटावरच्या आपल्या सोसायट्यांकडे वळून पाहावे.

कारण खरा मुद्दा पुढेच आहे. विकास सोसायटीचा, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, सभासद व्हायचे तर कार्यक्षेत्रात जमीन हवी, म्हणजे सातबारा हवा. साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचे तरी तेच. सभासद झाल्यावर 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व पाळले जाते, पाच एकरवाला आणि पन्नास एकरवाला सारखे, आणि हे सहकाराने मिळवलेले फार मोठे आहे. त्यात शंका नाही. अडचण दाराशी आहे. आणि दार एकच असते तर परवडले असते, दारामागून दार आहे. सोसायटीच्या सभासदांनी संचालक निवडायचे, बहुधा १३. त्या संचालकांनी बाजार समितीच्या सोसायटी गटातले ११ सदस्य निवडायचे. ग्रामपंचायत सदस्यांनी ४. अडते-व्यापारी २ आणि हमाल-तोलारी १, असे मिळून १८. तालुक्यात समजा ८० सोसायट्या आहेत, तर सोसायटी गटाचे मतदार हजारभर. ज्या पेठेत लाखभर शेतकरी माल आणतात, तिचा बहुसंख्य कारभार या हजार माणसांच्या मतावर. मतदानाआधी आठवडाभर मतदार सहलीला का जातात, याचे उत्तर या आकड्यात आहे. हजार जण गाड्यांत बसतात. लाख जण बसत नाहीत.

२०१७ मध्ये सरकारने ही साखळी तोडली. किमान १० गुंठे जमीन आणि मागच्या पाच वर्षांत त्या बाजार समितीत किमान तीन वेळा माल विकलेला असेल, तर शेतकऱ्याला थेट मत. २०१८ मध्ये सोलापूर आणि बार्शी बाजार समित्यांच्या निवडणुका या नियमाने झाल्या. २०२० मध्ये निवडणुकीचा खर्च समित्यांना झेपत नाही या कारणाने ही सुधारणा मागे घेतली गेली. पुढे सरकार बदलले, पुन्हा घोषणा झाल्या, आणि २०२३ च्या निवडणुका झाल्या त्या अशा: शेतकऱ्याला उमेदवार म्हणून उभे राहता आले, पण मतदार मात्र जुनेच, सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य. म्हणजे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला स्वतःचे मत स्वतःलाही देता येत नव्हते.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही. तालुकाभर मतदान केंद्रे, कर्मचारी, याद्यांची छपाई हे सगळे समितीच्या फंडातून होते, आणि लहान समित्यांचे सेसचे (बाजार शुल्काचे) उत्पन्न त्यात वाहून जाऊ शकते. पण १० गुंठ्यांच्या नियमात खर्चाहून खोल दोष होते आणि ते दोष १९२० च्या नियमांचेच जुळे भाऊ आहेत. सामाईक खात्यावर पाच नावे आणि क्षेत्र ४० गुंठे असेल, तर वाट्याला आठ गुंठे येतात. मग मत पाचांना, एकाला की कोणालाच नाही? जमीन खंडाने, बटईने, ठोक्याने कसणारा माणूस माल त्याच पेठेत आणतो, पण त्याचे नाव सातबाऱ्याच्या कूळ-खंडाच्या रकान्यात कधीच लागत नाही, कारण 'कूळ लागेल', म्हणजे कसणारा कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने मालक कागद करत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरची पिकाची नोंद, मालकाच्या खात्यावर. हिशेबपट्टी कधी मालकाच्या नावे, तर कधी अडत्याने ओळखीने लिहिलेल्या अर्ध्या नावाने, 'बाळू आण्णा, कांदा ३२ पिशव्या'. या पट्टीवरून तीन वेळा माल विकल्याचा पुरावा तपासणार कसा? आणि बीड-पाथर्डीहून कारखान्यावर येणारा ऊसतोड मजूर, ज्याच्या कोयत्यावाचून गाळप सुरूच होत नाही, त्याला तर कारखान्याच्या निवडणुकीत स्थानच नाही. जमीन नाही ना.

आता मघाच्या 'कर्त्या'कडे येऊ. जुन्या सातबाऱ्यांवर नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव लागले, धाकट्यांचे हक्क त्या तीन अक्षरांत दडले. १९२० च्या मतदारयादीचा नियम आणि ही नोंद एकाच साच्यातल्या. सोसायटी स्थापन झाली तेव्हा सातबारा पाहून सभासद केले गेले, म्हणजे थोरला सभासद. थोरला वारला की वारसनोंदीत त्याची मुले लागली, काकांची नावे राहूनच गेली, आणि सोसायटीच्या यादीत एक तर मयताचे नाव तसेच राहिले, नाही तर पुतण्याचे आले. धाकटा भाऊ आणि त्याची पोरे जमीन कसतात, पीककर्ज पुतण्याच्या नावे निघते, मत पुतण्या देतो. भांडण दिवाणी न्यायालयात गेले तरी निकाल लागेपर्यंत दोन निवडणुका होऊन जातात.

बहिणींचे त्याहून वाईट. १९९४ च्या राज्याच्या आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हक्कदार, झाली, पण वारसनोंद लागल्यावर वर्षभरात हक्कसोडपत्र होते आणि तिचे नाव कमी. पत्नीचे नाव लावण्याचा चांगला प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो लक्ष्मीमुक्तीचा. शेतकरी संघटनेने ती मोहीम चालवली आणि १९९२ मध्ये सरकारने त्याला धरून योजना आणली. नवऱ्याने अर्ज द्यायचा, बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते. पण इथे एक गैरसमज सगळीकडे आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे बाई सोसायटीची सभासद झाली, असे नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा शेअर. नवऱ्याच्याच शेअरमध्ये संयुक्त नाव घातले तर शेअर दाखल्यावर पहिले नाव ज्याचे, मत त्याचे. म्हणजे नाव दोन, मत एक, आणि ते कोणाचे हे सांगायला नको.

जमिनीपासून हक्क वेगळा काढता येतो, याचा नमुना बाहेरून आणायला नको. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी शेताला नव्हते, माणसाला होते. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. वीस एकरवाल्यालाही तेवढेच, भूमिहीनालाही त्याचा वाटा, आणि ऊस लावायचा नाही. तिथे पाण्याच्या वाटपात बोलण्याचा अधिकारही मग माणसाचाच झाला. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यातल्या पाणीवापर संस्था मात्र लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांच्याच आहेत. जमीन जास्त, तिथे पाण्याचा कोटाही जास्त. नायगावचे तत्त्व कायदा करताना गाळले गेले.

बाजार समिती, सोसायटी, कारखाना यांत कोणाला मत असावे, याचा निकष जमीन असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. संस्थेशी व्यवहार हा निकष असावा. जो माल आणतो, ऊस घालतो, ऊस तोडतो, कर्ज घेतो आणि फेडतो, त्याला मत. व्यवहार मोजण्याची साधने आज आहेत. हिशेबपट्टीवर माल आणणाऱ्याचे पूर्ण नाव आणि आधारशी जोडलेला नंबर टाकायला अडत्याला सक्तीने लावले, तर पाच वर्षांत यादी आपोआप तयार होईल, तलाठ्याकडून सातबारे मागवण्याची गरज उरणार नाही. खंडकऱ्याला कूळ न मानता तात्पुरता कसणारा म्हणून नोंदवण्याची सोय केली, तर मालकाची भीतीही जाईल.

तोवर जे आहे त्यात आपले मत कसे वाचवायचे, तेवढे सांगतो. घरातला खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे तलाठ्याकडे) द्यावा. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे-पत्ते, ८-अ सोबत. फेरफार लिहिला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबारा पुन्हा काढून प्रत्येक वारसाचे नाव आहे का ते वाचावे, फेरफार क्रमांकावर विसंबू नये. ए.कु.मॅ. ची नोंद असेल तर ती थोरला हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावी. नंतर पुरावे गोळा करण्यातच आयुष्य जाते. सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज स्वतंत्रपणे द्यावा, शेअरची आणि प्रवेश फीची पावती घ्यावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते, पण ही तारीख पोचेवरूनच मोजली जाते. पोच नसेल तर सचिव 'असा अर्ज आलाच नाही' म्हणतो आणि विषय संपतो. निवडणुकीची प्रारूप यादी लागली की आपले नाव, वडिलांचे नाव आणि मयत सभासदांची नावे तिन्ही तपासावीत, हरकत लेखी द्यावी आणि तीही मुदतीत. मुदत संपल्यावर आलेली हरकत कितीही खरी असली तरी अंतिम यादीत शिरत नाही, आणि पुढची संधी पाच वर्षांनी.

आपला,
एक वाचक
(निवृत्त अव्वल कारकून, महसूल विभाग)